मुदतीनंतरचा रंग

बिलाच्या तळाशी, बेरीज संपते आणि दुकानाचा शिक्का सुरू होतो त्या मधल्या पट्टीत, बारीक अक्षरांत चार अटी छापलेल्या असतात. माल सात दिवसांच्या आत परत घेतला जाईल. सोबत बिल आणावं. लेबल काढलेलं नसावं. साडी असेल तर फॉल-पिको झालेलं नसावं आणि घडी मोडलेली नसावी. न्यू मार्केटच्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसून साड्या पाहताना, एकावर एक उलगडत जाणाऱ्या पदरांच्या त्या पुरात, या अटींकडे कुणाचं लक्ष जातं? तिथे सगळंच उघडं असतं, पसरलेलं, खांद्यावर टाकलेलं, आरशात धरलेलं. दाखवणारा माणूस दोन बोटांत किनार पकडून साडी हवेत अशी सोडतो, की ती गादीवर टेकेपर्यंत आपलं अर्धं मन तिच्या बाजूला झुकलेलं असतं. ‘दीदी, ये रंग आप पर खिलेगा.’ आणि खरंच खुलतो तो रंग. त्या पिवळ्या दिव्यांखाली, त्या आरशात, त्या घटकेला.

मग साडी कोटऱ्याला येते.

कोटरा सुल्तानाबाद हा भोपाळचा असा भाग, की जिथे शहराचा आवाज हळूहळू उतरत जातो. डेपो चौराह्यावरून नेहरू नगरकडे निघालं की झाडं दाटायला लागतात, टेकडीवरच्या भारतीय वन प्रबंध संस्थेच्या इमारती दिसू लागतात, आणि पावसाळ्यात भदभद्याच्या बाजूनं येणाऱ्या वाऱ्याला मोठ्या तलावाचा ओला, शेवाळी वास असतो. आमच्या घरात उजेड फार. श्रावणातला तर विशेषच: ढगांतून गाळून आलेला, निळसर, थंड, चहूकडून सारखा पडणारा, सावलीसुद्धा न पाडणारा. तो कुणाची भीड ठेवत नाही. त्या उजेडात मी साडी पलंगावर पसरली, आणि दुकानात ज्या लालीनं मला हाक मारली होती, ती लाली तिथे नव्हती.

महेश्वरी होती ती. अहिल्याबाई होळकरांनी ज्या गावाला राजधानीचा मान दिला, त्या महेश्वरच्या मागावरची. अंगात सूत आणि रेशीम, वजनाला इतकी हलकी की हातात घेतली तर हातच हलके झाल्यासारखे वाटावेत. किनारीवर नर्मदेची लहर. महेश्वरच्या किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवर जी नक्षी आहे, तीच विणकरांनी धाग्यात उतरवली. लहर, चटई, वीट, हिरा, अशी त्या नक्षीला नावं आहेत. पाण्याची लाट आधी दगडात थांबली आणि दगडातून उठून कापडात पुन्हा वाहायला लागली, या कल्पनेनं मला नेहमीच भरून येतं. रंगांची जुनी नावं सासूबाईंकडून ऐकलेली. डाळ निवडताना, वाती वळताना त्या ती एकामागून एक म्हणत: अंगुरी, डाळिंबी, गुलबक्षी, जांभळा, आमरस, तपकीर. मी दुकानातून डाळिंबी घेऊन निघाले होते. घरी आली ती तपकीर.

फसवणूक कुणाचीच नव्हती. पिवळा दिवा लालाला फुलवतो आणि निळ्याला निजवतो. ढगाळ आभाळ उलटं करतं. शिवाय या साडीचे उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या. ती जिकडे वळेल तिकडचा रंग वर येणार. हे सगळं समजत होतं. तरीही खिडकीशी उभी राहून मी तिच्याकडे पाहत होते ते एखाद्या अनोळखी बाईकडे पाहावं तसं, जिला मीच हाताला धरून घरात आणलं होतं आणि जिला आता बसा म्हणावं की नाही ते ठरत नव्हतं. मला डाळिंबी हवी होती. महालक्ष्म्या पंधरा-वीस दिवसांवर आल्या होत्या आणि डोळ्यांसमोर तोच रंग धरून मी बाजारात गेले होते. तेव्हा परत करायची, हे पक्कं झालं. ज्या चुण्यांवर ती दुकानात दुमडली होती त्याच चुण्या शोधून घडी घातली, आतला पुठ्ठा सरळ केला, लेबलाचा दोरा बाहेर काढून ठेवला, बिल टाचलं, आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवली.

त्या पिशवीला घरात जागा नव्हती. कपाटात ठेवावी तर ती आपली झाली, आणि बाहेर ठेवावी तर कुणाची म्हणून? खुंटी ही घरातली सगळ्यांत अधांतरी जागा. छत्र्या, किल्ल्या, दूध आणायची पिशवी, जे जे पुन्हा बाहेर जाणार ते ते तिथे लटकतं. जाता-येता माझा हात त्या पिशवीला लागे. मुदत चालू असलेली वस्तू घरात असण्याची एक बारीक कुरकुर असते; बाकीच्या वस्तू आपापल्या जागी बसून असतात, आणि ती एकटी उभी असते. तिच्याकडे आपण पाहतो ते फक्त खोट काढायला. पदर थोडा आखूडच आहे. किनार जरा जास्तच रुंद आहे. परत करायचं ठरलं की नजर कारणं गोळा करत हिंडते, आणि तिला ती सापडतातच.

खरं तर कारण कुणी मागणार नव्हतं. अटींत कारणाचा रकाना नाही. कायद्यालाही सदोष वस्तू कळते, न रुचलेली कळत नाही. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं या देशातल्या साध्या गिऱ्हाइकाला पहिल्यांदा ताठ उभं केलं. त्याची जागा घेणाऱ्या २०१९च्या कायद्यात लिहिलं आहे की सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली. दुकानांच्या भिंतीवरच्या ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीखाली मान खाली घालून निघून जाणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत, म्हणून या चळवळीविषयी माझ्या मनात फार माया आहे. पण माझ्या साडीत दोष कुठे होता? एक धागा सुटलेला नव्हता. दोष असलाच तर तो न्यू मार्केट आणि कोटरा यांच्यामधल्या उजेडात होता, आणि उजेड कुठल्या काउंटरवर परत करायचा? युरोपात दुरून मागवलेल्या बहुतेक वस्तूंना चौदा दिवस मिळतात आणि कारण सांगावं लागत नाही. कारण न सांगता परत देता येणं! माणसामाणसांत हे कुठे मिळतं?

आमच्या सासूबाईंच्या काळी मुदतीचा प्रश्नच नव्हता. न आवडलेली साडी दुकानात परत जायची नाही, ती पुढे जायची. त्यांच्या लोखंडी कपाटाचा खालचा खण अजून तसाच आहे: देण्याघेण्याच्या साड्यांचा. खण उघडला की डांबराच्या गोळ्यांचा थंड, उग्र वास येतो, आणि मग त्याच्या मागून, खूप मागून, कुठल्या तरी मांडवातल्या अत्तराचा. प्रत्येक साडीत एक चिठ्ठी. वर्ध्याच्या मावशी, मुंज. जबलपूर, बारसं. धाकट्या वन्सं, वास्तुशांत. आहेरात आलेली साडी मनाला आली नाही तर तिची घडी मोडायची नाही, एवढाच नियम. घडी शाबूत असली की ती पुन्हा कुणाच्या तरी ओटीत जाऊ शकते. देताना कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावायचं. अशी एक मोरपंखी इरकली आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, नागपूरला एका लग्नात दिली होती. काही वर्षांनी कुठल्याशा बारशाच्या आहेरात ती त्यांच्याच मांडीवर येऊन पडली. घडी तीच. कोपऱ्यावर मात्र हळदीची बोटं एकावर एक, काही फिकट, काही गडद, कुणाचं बारीक, कुणाचं जाड. किती उंबरे ओलांडून आली होती ती, आणि एकाही घरात तिला कुणी नेसलं नव्हतं. आईंनी तिला चिठ्ठी लावली नाही. ‘इतकं फिरून आली,’ म्हणाल्या, ‘आता राहू दे.’

ती कपाटात वरच्या खणात गेली.

पाऊस लागला तो लागलाच. भोपाळचा श्रावण एकदा धरला की दिवसाला कडा राहत नाहीत. सकाळ दुपारीत विरघळते, दुपार दिवेलागणीत, आणि रात्रभर पन्हाळीतून पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात झोपेलाही काठ सापडत नाही. कोटऱ्याच्या उताराच्या गल्ल्यांतून गढूळ पाणी नाल्याकडे धावत होतं. वर्तमानपत्रात तलावाची पातळी छापून येऊ लागली. भोपाळमध्ये हा आकडा पोरासोरांना पाठ असतो: १६६६.८० फूट. त्या रेषेला पाणी टेकलं की तलाव भरला, आणि मग भदभदा धरणाचे दरवाजे उघडायचे. चहाच्या टपरीवर, भाजीच्या गाडीवर, सगळीकडे तोच विषय. अजून इतकं बाकी. आता एवढंच राहिलं. सगळं शहर एका रेषेकडे डोळे लावून बसलेलं असतं. आणि घरात खुंटीवर माझी पिशवी, तिची रेषा वेगळी.

अण्णा, माझे सासरे, नव्वदीला टेकले आहेत. पातळीचा आकडा ते भिंग धरून वाचतात आणि मोठ्यानं सांगतात. १ नोव्हेंबर १९५६ला नवा मध्य प्रदेश जन्मला, राजधानी भोपाळला आली, आणि तोवर राजधानी असलेल्या नागपुरातून फायलींबरोबर माणसंही बांधून पाठवली गेली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. सचिवालयातला एक कोवळा कारकून मात्र ग्रँड ट्रंकनं भोपाळच्या फलाटावर उतरला. एक ट्रंक, एक वळकटी. त्या वर्षी असे पुष्कळ उतरले, कुणी नागपूरहून, कुणी ग्वाल्हेरहून, कुणी इंदूर-रीव्याहून. तात्या टोपे नगरात नव्या क्वार्टरांच्या रांगा उठत होत्या. मराठी माणसाच्या नावाची वसाहत, एवढाच काय तो धीर. अण्णांना भोपाळ नको होतं. पाणी जड वाटे, भाषा निसरडी, संत्र्यांना चव नाही. नागपूरला परत घ्यावं म्हणून त्यांनी अर्ज केला होता. उत्तर येईतोवर म्हणून त्यांनी क्वार्टरच्या भिंतीला खिळा ठोकू दिला नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं असे. मोठं कपाट घेतलं नाही. अंगणात झाड लावलं नाही, कारण आंब्याला फळ धरेपर्यंत इथे कोण राहणार?

दिवाळीनंतर पाहू. मग, उन्हाळ्यात पाहू. १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला, आणि अण्णा सांगतात की त्या दिवशी त्यांनी पेढे आणले, वाटले आणि रात्री जेवले नाहीत. नेमकी कुठल्या दिवशी त्यांची मुदत संपली, ते त्यांनाही ठाऊक नाही. कुणी बिलावर लिहून दिलेली नव्हती. एके दिवशी भाजीवाल्याशी भाव करताना तोंडातून सरळ भोपाळी निघाली. एके दिवशी नागपूरच्या घरी पाहुण्यासारखं ताट मांडलं गेलं. आणि एके दिवशी, आई सांगतात, ते हातोडी घेऊन आले आणि न बोलता भिंतीला खिळा ठोकला. कॅलेंडर तिथे लागलं. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात अंगणात पेरूचं रोप आलं. ती क्वार्टरं अलीकडे स्मार्ट सिटीच्या कामात पडली. पाडकाम चालू होतं तेव्हा अण्णा तिथे जाऊन उभे राहिले होते आणि पेरू कुठे होता ते बोटानं दाखवत होते. निवृत्तीच्या आधी घेतलेलं हे कोटऱ्याचं घर. या घरात भिंतीभर खिळे आहेत.

मला वाटतं, परतीची वाट उघडी आहे तोवर आपण एखाद्या जागेकडे नीट पाहतच नाही. आपण तिचं मोजमाप घेत असतो. अण्णांना तलाव दिसला तो अर्जाची आशा सुटल्यानंतर. त्याआधीही रोज कचेरीच्या वाटेवर तो होताच की.

सात दिवसांतला शेवटचा दिवस उजाडला तो उघडीप घेऊन. दुपारी पिशवी खांद्याला लावली, बिल पाहिलं, चपला घातल्या. अण्णा ओट्यावर छत्री घेऊन, टोपी घालून तयार.

‘गेट उघडले म्हणतात सगळे. मला ने.’

‘अण्णा, मी न्यू मार्केटला निघाले होते.’

‘बाजार उद्याही राहील,’ ते म्हणाले. मग थोडं थांबून, ‘पाण्याचं काय सांगावं, बाई.’

नाक्यावर एक रस्ता न्यू मार्केटकडे जातो आणि एक भदभद्याकडे. रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं. मी भदभदा म्हटलं.

अर्धं भोपाळ तिथे लोटलं होतं. भिजलेल्या बुरख्यांतल्या बाया, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, भुट्टे भाजणारे, बुलबुल्यांची बाटली घेऊन फिरणारं एक पोर. दरवाजे उघडण्याआधी इथे पाण्याची पूजा होते; कठड्याशी फुलं चिकटून राहिली होती. राजा भोजाच्या नावाचा, अकराव्या शतकापासूनचा तो तलाव एका बाजूला जवळजवळ निश्चल, आभाळाएवढा. आणि दुसऱ्या बाजूला दरवाज्यांखालून सुटलेलं पाणी, पांढरं, दाट, स्वतःच्याच अंगावर कोसळणारं, कलियासोतकडे उतरणारं. ओल्या कठड्यावर हात ठेवला तर दगडातून थरथर तळहातात येत होती. या बाजूला असेतोवर ते भोपाळचं पाणी. दारातून निसटलं की ते कलियासोतचं, मग भोजपूरजवळ बेतव्याचं, मग यमुनेचं. त्यातला एक थेंब मागे फिरणार नव्हता, आणि सगळं शहर ते पाहायला, टाळ्या वाजवायला जमलं होतं.

अण्णा कठडा धरून उभे होते. तुषारांनी चष्मा भरला, त्यांनी तो पुसला नाही.

‘हे दरवाजे पासष्टचे,’ ते म्हणाले. ‘अकरा. नवे होते तेव्हा तुझ्या सासूला घेऊन आलो होतो. तिनं विचारलं, पुढल्या पावसाळ्यात पुन्हा येऊ का? मी म्हटलं, पुढल्या पावसाळ्यात आपण कुठले इथे!’

आणि ते हसले. मोठ्यानं, पाण्याच्या आवाजावरून.

निघालो तेव्हा ढगांच्या खालून ऊन आलं. तिरपं, मधाळ, पावसाळ्यात क्वचितच मिळणारं. रिक्षात पिशवी मांडीवर होती. तोंड उघडं राहिलेलं, आणि त्या उन्हात साडीची एक घडी दिसत होती. डाळिंबी नव्हे. तपकीरही नव्हे. संध्याकाळच्या चुलीत राखेखाली जो निखारा झाकून ठेवतात आणि वाऱ्याच्या एका झुळकेनं जो क्षणभर आतून उजळतो, तो रंग. त्याला सासूबाईंच्या यादीत नाव नाही. वळण आलं, ऊन सरकलं, रंग मिटला. न्यू मार्केटचे दिवे लागायची वेळ होती. दुकान उघडं होतं, पोहोचता आलं असतं. रिक्षावाल्याला मी घरचाच रस्ता सांगितला.

मुदत रात्री कधीतरी संपली. काही वाजलं नाही.

सकाळी पिशवी खुंटीवरून काढली तेव्हा हाताला ती निराळी लागली. कारणं गोळा करणारी नजर आपोआप मिटली होती. पदर आखूड नव्हता, किनार रुंद नव्हती, पदर पदराएवढा होता आणि किनार किनारीएवढी. मी ती आईंच्या मांडीवर ठेवली. आईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं दसऱ्यानंतर व्हायचं आहे. मोतीबिंदू पिकत जातो तसं डोळ्यातलं भिंग पिवळं होतं आणि जग हळूहळू जुन्या दिव्याच्या उजेडात जातं. काढला की एकदम सगळं निळसर, लख्ख, धुतलेलं. आईंनी किनार दोन बोटांत धरली, उलटी केली, सुलटी केली. महेश्वरीच्या किनारीला उलट बाजू नसते. दोन्हीकडून ती सारखीच विणलेली असते, कशीही नेसा. मग त्यांनी तळहातानं एक डोळा झाकला.

‘डाळिंबी,’ त्या म्हणाल्या.

हात दुसऱ्या डोळ्यावर नेला.

‘आता तपकीर.’

पुन्हा पहिला. पुन्हा दुसरा. लहान मुलगी खेळते तशा त्या कितीतरी वेळ खेळत राहिल्या, तोंडातल्या तोंडात रंगांची नावं म्हणत, आणि मी खाली बसून त्यांच्या चेहऱ्यावर येणारं-जाणारं आश्चर्य पाहत राहिले. एकाच पलंगावर, एकाच मांडीवर, एकाच बाईला दोन साड्या दिसत होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. मी दुकानाच्या आरशात पाहिलेली साडी खोटी नव्हती, ती आईंच्या डाव्या डोळ्यात सुखरूप होती.

‘फॉल लावून राहिली काय हिला?’ त्यांनी विचारलं.

‘लावायचा विचार होता.’

‘लावू नको. फॉल लागला की एक बाजू आतली होते. कोणती आत घालशील?’

म्हणून फक्त पिको करून आणलं. घडी मात्र कुणी मोडली नाही. अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या घरात आल्या, तेव्हा ती ज्येष्ठेला नेसवायची ठरली, आणि कनिष्ठेसाठी आईंनी वरच्या खणातून मोरपंखी इरकली काढायला लावली. लोखंडी स्टँडभोवती निऱ्या धरायला मी आणि चुण्या सरळ करायला आई. अण्णा खुर्चीवर बसून, पदर जरा वर घ्या, आता जरा डावीकडे, असं सांगत होते. नव्या सुताचा करकरीत आवाज, पिठाच्या डब्यात दडवलेली दागिन्यांची पुरचुंडी, कोथिंबिरीच्या वडीचा येणारा वास. लेबलाचा दोरा शेवटी मी दातानं तोडला. दुपारी खिडकीच्या उजेडात ज्येष्ठा गंभीर, भुईच्या रंगाची दिसत होती. संध्याकाळी समया पेटल्या, वर लाइटची माळ लागली, आणि ती लालबुंद झाली. बायका येत होत्या, हळदीकुंकू घेत होत्या, मुखवट्यांकडे पाहून हात जोडत होत्या. शेजारच्या भाभी किती वेळ नुसत्या उभ्या. मग पुढे होऊन त्यांनी किनार हळूच हातात घेतली.

‘कहाँ से ली आपने? मुझे भी बिलकुल यही रंग चाहिए.’

‘कौन-सा?’ मी विचारलं.